साक्षी मलिक: शेवटच्या सेकंदापर्यंत लढणारी पैलवान

१७ ऑगस्ट २०१६. ब्राझीलमधल्या रिओ शहरात महिलांच्या ५८ किलो वजनगटाची कांस्यपदकाची कुस्ती सुरू होती. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून १८ तारीख लागली होती. काही तासांनी घराघरांत राख्या बांधल्या जाणार होत्या, कारण तो रक्षाबंधनाचा दिवस होता. ऑलिंपिक सुरू होऊन बारा दिवस झाले होते आणि भारताच्या खात्यात एकही पदक नव्हतं. अभिनव बिंद्रा चौथा आला होता, दीपा कर्माकरही चौथी. ‘यंदा रिकाम्या हातानेच परत यायचं बहुतेक’ असं सगळे बोलायला लागले होते.

मॅटवर होती हरियाणाची २३ वर्षांची साक्षी मलिक. समोर किर्गिझस्तानची आयसुलू तिनिबेकोवा. पहिली तीन मिनिटं संपली तेव्हा फलक दाखवत होता ०-५. साक्षीला एकही गुण मिळालेला नव्हता.

उरलेल्या तीन मिनिटांत तिने एकेक करत गुण मिळवले आणि बरोबरी साधली, ५-५. मग अगदी शेवटच्या काही सेकंदांत तिने प्रतिस्पर्ध्याच्या दोन्ही पायांवर झेप घेतली. आपल्याकडे तालमीत ज्याला ‘पट काढणे’ म्हणतात, तोच हा डाव. दोन गुण! किर्गिझस्तानच्या बाजूने निकालाला आव्हान दिलं गेलं, ते फेटाळलं गेलं आणि त्याचा एक गुणही साक्षीला मिळाला. ८-५. प्रशिक्षक कुलदीप मलिक यांनी तिला खांद्यावर उचलून घेतलं आणि तिने तिरंगा पाठीवर पसरला.

ऑलिंपिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला कुस्तीपटू ठरली. पण तिची पुढची सात वर्षं पाहिली की लक्षात येतं, रिओ हा तिच्या गोष्टीचा फक्त मध्य होता. आधी पिछाडी, मग उसळी, कधी हातातून निसटलेला विजय, आणि शेवटी एक अशी लढत, जिथे ना पंच होते ना घड्याळ.

विमानात बसायचं म्हणून कुस्ती!

साक्षीचा जन्म ३ सप्टेंबर १९९२ चा, हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यातल्या मोखरा गावचा. वडील सुखबीर दिल्लीच्या सरकारी बससेवेत कंडक्टर, आई सुदेश अंगणवाडीच्या कामात. दोघेही नोकरी करणारे, त्यामुळे साक्षीची सुरुवातीची काही वर्षं आजी-आजोबांकडे गेली. वडिलांचे वडील स्वतः पैलवान होते. गावात त्यांना मिळणारा मान ती लहानपणापासून बघत होती.

बाराव्या वर्षी ती रोहतकच्या छोटूराम स्टेडियममध्ये ईश्वर दहिया यांच्याकडे कुस्ती शिकायला लागली. तेव्हा तिच्या डोक्यात ऑलिंपिक वगैरे काही नव्हतं. खेळाडू झालं की विमानात बसायला मिळतं, एवढंच तिला माहीत होतं, असं तिने नंतर अनेक मुलाखतींमध्ये हसत सांगितलं आहे. आपल्या घरातली मुलंही एखादा छंद अशाच छोट्याशा कारणाने धरतात, नाही का? कुणाला बॅट आवडते, कुणाला ड्रेस. मोठी स्वप्नं पुढे हळूहळू तयार होतात.

पण मुलीने आखाड्यात उतरणं ही तेव्हा तिथे साधी गोष्ट नव्हती. २०११ च्या जनगणनेत हरियाणात दर हजार पुरुषांमागे फक्त ८७९ स्त्रिया होत्या. मुलगी जन्माला येणंच जिथे नकोसं वाटायचं, तिथे ती मुलांबरोबर अंगाला माती लावणार म्हटल्यावर लोक गप्प बसणार होते थोडेच! दहिया सरांनी मुलींना शिकवायला घेतलं तेव्हा त्यांना आणि साक्षीला स्थानिकांचा विरोध सहन करावा लागला. कुस्ती खेळणाऱ्या मुलींच्या घरी जे प्रश्न विचारले जातात, ते आजही फारसे बदललेले नाहीत: कान मोडतील, अंग पुरुषी होईल, मग लग्न कसं होणार?

या प्रश्नांना घरातूनच उत्तर मिळावं लागतं. साक्षीच्या घराने ते शब्दांत दिलं नाही; मुलीला रोज सरावाला पाठवून दिलं.

मातीतली कुस्ती आणि मॅटवरची कुस्ती

आपल्याकडे गावजत्रेत कुस्ती बघितलेल्यांना ऑलिंपिकची कुस्ती जरा गोंधळात टाकते. लाल मातीतल्या कुस्तीत समोरच्याची पाठ जमिनीला लावून त्याला चितपट केलं की विषय संपला. मॅटवरच्या फ्रीस्टाइल कुस्तीत चितपट आहेच, पण त्याशिवाय प्रत्येक डावाला गुण असतात.

थोडक्यात नियम असे: कुस्ती सहा मिनिटांची, तीन-तीन मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. समोरच्याला खाली आणून ताबा मिळवला की दोन गुण. त्याला वर्तुळाबाहेर ढकललं तर एक. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबवतात. गुण समान झाले तर मोठा डाव कोणी मारला, ताकीद कोणाला जास्त मिळाली, शेवटचा गुण कोणाचा, यावर विजेता ठरतो. पंचांच्या निर्णयाला आव्हान देता येतं, पण ते फसलं तर समोरच्याला एक गुण बक्षीस!

फ्रीस्टाइलमध्ये पायांवर हल्ला करता येतो आणि ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी हाच एक प्रकार आहे. तोही फार जुना नाही. पुरुषांची कुस्ती १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून आहे. महिलांची आली २००४ मध्ये, अथेन्सला. म्हणजे साक्षी कुस्ती शिकायला लागली, साधारण त्याच सुमारास जगाने बायकांसाठी हे दार उघडलं होतं.

भारतात त्या दारातून पहिलं पाऊल टाकलं गीता फोगाटने. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकलं आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी पात्र ठरणारी ती पहिली भारतीय महिला कुस्तीपटू झाली. त्याच २०१० मध्ये साक्षीने ज्युनियर जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने अंतिम फेरी गाठली, नायजेरियाच्या अमिनत अडेनियीकडून हरली आणि रौप्यपदक घेऊन परतली. पुढच्या वर्षी दोहाच्या आशियाई स्पर्धेत कांस्य. नाव होत होतं, पण देशभर ओळखावं इतकं नाही. मे २०१६ मध्ये इस्तंबूलच्या पात्रता स्पर्धेत तिने रिओचं तिकीट मिळवलं, तेव्हाही तिच्याकडून पदकाची आशा करणारे थोडेच होते.

हरल्यावर उघडणारं दार

रिओच्या त्या एकाच दिवसात साक्षी पाच कुस्त्या खेळली. हा दिवस नीट समजून घेण्यासारखा आहे.

पहिल्या कुस्तीत स्वीडनच्या योहाना मॅटसनला तिने ५-४ ने हरवलं. दुसऱ्या कुस्तीत मोल्दोवाच्या मारियाना चेर्दिवाराशी ५-५ अशी बरोबरी झाली आणि नियमांच्या आधारे साक्षी पुढे गेली. दोन्ही कुस्त्या अगदी काठावरच्या. मग उपांत्यपूर्व फेरीत समोर आली रशियाची व्हॅलेरिया कोब्लोव्हा. इथे साक्षी सरळ हरली, २-९.

बाकीच्या बऱ्याच खेळांत इथेच सामान बांधायला घेतात. कुस्तीत मात्र ‘रेपेचेज’ नावाचा एक सुंदर नियम आहे. तुम्हाला हरवणारी पैलवान अंतिम फेरीत पोहोचली, तर तुम्हाला कांस्यपदकासाठी पुन्हा संधी मिळते. कल्पना अशी की, ड्रॉमध्ये लवकरच सगळ्यात तगड्या पैलवानाशी गाठ पडली, तर केवळ त्या दुर्दैवामुळे कुणी बाहेर फेकलं जाऊ नये.

पण त्यासाठी आधी वाट बघावी लागते, आणि तीही अशी की काहीच आपल्या हातात नाही. जिने आपल्याला हरवलं, तीच जिंकावी म्हणून मनातल्या मनात प्रार्थना करायची. कोब्लोव्हा अंतिम फेरीत गेली. साक्षीचं दार उघडलं.

रेपेचेजमध्ये तिने मंगोलियाच्या ओरखोन पुरेवदोर्जला १२-३ असं हरवलं आणि मग आली ती तिनिबेकोवाविरुद्धची कुस्ती. शेवटच्या क्षणी डाव मारणारी त्या रात्री साक्षी एकटी नव्हती. त्याच वजनगटाच्या अंतिम सामन्यात जपानच्या काओरी इचोनेही कोब्लोव्हाविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत दोन गुण मिळवून सलग चौथं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. सहा मिनिटं संपल्याशिवाय कुस्ती संपत नाही, हे पाठ करायला याहून चांगली रात्र सापडणार नाही.

दोन दिवसांनी पी. व्ही. सिंधूने बॅडमिंटनमध्ये रौप्य जिंकलं. रिओमध्ये भारताला मिळालेली पदकं ही एवढीच, दोन. दोन्ही मुलींनी आणलेली.

मराठी वाचकांना इथे एक नाव आठवल्याशिवाय राहणार नाही. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून दिलं, ते कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी, १९५२ मध्ये हेलसिंकीत. तेही फ्रीस्टाइल कुस्तीतलं कांस्यपदकच होतं. कुस्तीतलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक एका मराठी मुलाचं. आणि एका भारतीय मुलीने त्याच खेळात पदक जिंकायला पुढे ६४ वर्षं जावी लागली.

पदकानंतरची अवघड वर्षं

रिओनंतर सगळं बदललं. २०१६ चा राजीव गांधी खेलरत्न, २०१७ ची पद्मश्री, रेल्वेच्या नोकरीत बढती. हरियाणा सरकारने तिला ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ मोहिमेचा चेहरा केलं. एप्रिल २०१७ मध्ये कुस्तीपटू सत्यव्रत कादियानशी तिचं लग्न झालं. लग्नानंतरही ती खेळत राहिली. लग्नाची काळजी करणाऱ्या शेजाऱ्यांना परस्पर उत्तर मिळालं.

पण खेळ कुणासाठी थांबत नसतो. वजनगट बदलले आणि साक्षी ६२ किलोमध्ये आली. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य मिळालं. त्याच वर्षी जकार्तात आशियाई खेळांची उपांत्य फेरी. समोर पुन्हा तीच आयसुलू तिनिबेकोवा! या वेळी शेवटच्या टप्प्यात साक्षी एका गुणाने पुढे होती. आणि शेवटच्या क्षणांत तिनिबेकोवाने डाव साधला. ७-८. रिओमध्ये ज्या घड्याळाने साक्षीला साथ दिली होती, तेच घड्याळ इथे उलटलं. नंतरच्या कांस्यपदकाच्या कुस्तीतही ती हरली आणि रिकाम्या हाताने परतली.

तिनिबेकोवाची गोष्टही इथे सांगायला हवी. रिओमध्ये पदक निसटलेली ही मुलगी खचली नाही. २०१९ मध्ये ती विश्वविजेती झाली आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने रौप्य जिंकलं. एखादा पराभव कुणाला कुठे नेईल, हे त्या क्षणी कुणालाच सांगता येत नाही.

साक्षीसाठी मात्र टोकियोचं दार बंद झालं. २०२० आणि २०२१ मधल्या निवड चाचण्यांत तिला पुन्हा पुन्हा हरवलं ते सोनम मलिकने. सोनम हरियाणाचीच, साक्षीपेक्षा जवळपास दहा वर्षांनी लहान. ज्या मुली साक्षीला टीव्हीवर बघत मोठ्या झाल्या, त्यांच्यातलीच एक. वाट तयार करणाऱ्याला एक दिवस त्याच वाटेवरून मागून आलेलं कुणीतरी ओलांडून जातं. हे आनंदाचंही असतं आणि फार दुखणारंही. सोनम टोकियोला गेली. साक्षी घरी राहिली.

त्या काळात ‘साक्षी संपली’ असं म्हणणारे बरेच होते. तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या खेळाडूला, आणि त्यातही लग्न झालेल्या बाईला, हे जरा लवकरच ऐकवलं जातं.

बर्मिंगहॅम: पुन्हा पिछाडी, पुन्हा उसळी

२०२२ मध्ये ती निवड चाचणी जिंकून बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेला गेली. तिच्याकडे राष्ट्रकुलचं रौप्य होतं, कांस्य होतं. सुवर्ण नव्हतं.

५ ऑगस्टला ६२ किलोच्या अंतिम सामन्यात समोर होती कॅनडाची आना गोदिनेझ गोन्झालेझ. पहिल्या भागात साक्षी ०-४ ने मागे पडली. रिओ बघितलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटलं असणार. दुसरा भाग सुरू झाला, साक्षीने पायांवर हल्ला करून प्रतिस्पर्ध्याला खाली आणलं आणि सरळ चितपट केलं. आता गुण मोजायची गरजच उरली नव्हती. मातीतल्या कुस्तीत शोभावा असा निकाल मॅटवर लागला होता.

पदक गळ्यात घालून उभं राहिल्यावर, राष्ट्रगीत सुरू असताना तिला रडू आवरलं नाही. ते तिचं राष्ट्रकुलमधलं पहिलं सुवर्ण होतं. तेव्हा कुणाला कल्पना नव्हती, पण मोठ्या स्पर्धेच्या व्यासपीठावर ती शेवटचीच उभी होती.

मॅटबाहेरची लढत

१८ जानेवारी २०२३. दिल्लीच्या जंतरमंतरवर साक्षी, विनेश फोगाट, बजरंग पुनिया आणि इतर कुस्तीपटू धरण्याला बसले. भारतीय कुस्ती महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष आणि खासदार ब्रिजभूषण शरण सिंह यांनी महिला कुस्तीपटूंचा लैंगिक छळ केला, असा त्यांचा आरोप होता. सिंह यांनी आरोप फेटाळले. सरकारने मेरी कोमच्या नेतृत्वाखाली समिती नेमली आणि धरणं थांबलं.

काहीच हालचाल दिसेना, तेव्हा २३ एप्रिलला खेळाडू पुन्हा जंतरमंतरवर आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २८ एप्रिलला दिल्ली पोलिसांनी दोन गुन्हे नोंदवले. २८ मे रोजी नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या दिवशी तिकडे निघालेल्या कुस्तीपटूंना पोलिसांनी ताब्यात घेतलं. दोन दिवसांनी हे खेळाडू आपली पदकं गंगेत सोडायला हरिद्वारला पोहोचले. शेतकरी नेते नरेश टिकैत यांनी समजूत घातली, म्हणून ती पदकं वाचली. त्या पदकांत रिओचं कांस्यही होतं.

जूनमध्ये पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं आणि मे २०२४ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने सिंह यांच्यावर आरोप निश्चित केले. अल्पवयीन मुलीच्या तक्रारीचं दुसरं प्रकरण पुढे २०२५ मध्ये न्यायालयाने पोलिसांचा अहवाल स्वीकारून बंद केलं.

या आंदोलनाच्या धामधुमीत एक गोष्ट थोडी मागे पडली. आशियाई खेळांच्या निवड चाचणीतून काही आंदोलक कुस्तीपटूंना सूट देण्याचं ठरलं, तेव्हा साक्षीने ती घ्यायला नकार दिला. जिला निवड चाचणीतच अनेकदा हार पत्करावी लागली होती, तिनेच चाचणी टाळायची नाही असं ठरवलं.

२१ डिसेंबर २०२३ ला महासंघाची निवडणूक झाली. सिंह यांच्या जवळचे मानले जाणारे संजय सिंह अध्यक्ष झाले. त्याच दिवशी दिल्लीत पत्रकार परिषद झाली. साक्षीने आपले कुस्तीचे बूट उचलून टेबलावर ठेवले, कुस्ती सोडत असल्याचं सांगितलं आणि ती रडत उठली. कुस्तीत निवृत्तीच्या वेळी बूट मॅटवर काढून ठेवायची पद्धत आहे. साक्षीच्या वाट्याला ती मॅट आली नाही, टेबल आलं.

तीन दिवसांनी क्रीडा मंत्रालयाने नव्या कार्यकारिणीला निलंबित केलं. ते निलंबन मार्च २०२५ मध्ये मागे घेण्यात आलं. २०२४ मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाच्या जगातल्या १०० प्रभावी व्यक्तींच्या यादीत साक्षीचं नाव आलं आणि त्याच वर्षी तिचं आत्मकथन ‘विटनेस’ या नावाने इंग्रजीत प्रकाशित झालं. विटनेस म्हणजे साक्षीदार, साक्षी. पुस्तकाला वेगळं नाव शोधावंच लागलं नाही.

साक्षीची कारकीर्द एका नजरेत

• २०१०: ज्युनियर जागतिक स्पर्धा, कांस्य
• २०१४: राष्ट्रकुल स्पर्धा, ग्लासगो, रौप्य (५८ किलो)
• २०१५: आशियाई अजिंक्यपद, दोहा, कांस्य (६० किलो)
• २०१६: ऑलिंपिक, रिओ, कांस्य (५८ किलो)
• २०१७: आशियाई अजिंक्यपद, नवी दिल्ली, रौप्य (६० किलो)
• २०१८: राष्ट्रकुल स्पर्धा, गोल्ड कोस्ट, कांस्य (६२ किलो)
• २०२०: आशियाई अजिंक्यपद, नवी दिल्ली, रौप्य (६५ किलो)
• २०२२: राष्ट्रकुल स्पर्धा, बर्मिंगहॅम, सुवर्ण (६२ किलो)

घरातली मुलगी खेळात उतरणार असेल तर

साक्षीची गोष्ट वाचून ‘आमच्या मुलीलाही पाठवू या’ असं वाटलं, तर फारच छान! पण तिच्याच गोष्टीतून आई-बाबांनी घ्यावेत असे काही धडे आहेत.

• प्रशिक्षण केंद्र स्वतः जाऊन बघा. मॅट कशी आहे, मुलींसाठी कपडे बदलायची वेगळी सोय आहे का, सरावाला आणखी मुली येतात का, पालकांना सराव बघू देतात का, हे विचारायला संकोच करू नका.

• वजनाशी खेळू नका. वाढत्या वयातल्या मुलीला वजनगटात बसवण्यासाठी उपाशी ठेवणं किंवा पाणी तोडणं धोक्याचं आहे. आहाराचा निर्णय डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्या.

• कानांची काळजी घ्या. सततच्या घर्षणाने कानात रक्त साकळून तो सुजतो आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर आकार बदलतो. सरावात कानाचं संरक्षक कवच वापरता येतं. सूज आली तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

• तक्रार कुठे करायची, हे आधीच माहीत असू द्या. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरोधातल्या २०१३ च्या कायद्यात क्रीडा संस्था आणि स्टेडियमही येतात आणि दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. मे २०२३ मध्ये अशी समिती नसल्याच्या बातम्यांवरून राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने कुस्ती महासंघासह अनेक क्रीडा संघटनांना नोटिसा पाठवल्या होत्या. म्हणजे हा प्रश्न विचारणं किती गरजेचं आहे, ते बघा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पॉक्सो कायदा आहे. मदतीसाठी मुलांची हेल्पलाइन १०९८ आणि महिलांची १८१.

• घरात बोलायची सवय ठेवा. ‘आज कुठला डाव शिकलीस?’ हे रोज विचारणाऱ्या घरात मुलगी ‘आज मला काहीतरी आवडलं नाही’ हेही सांगू शकते.

पुढे काय?

साक्षी थांबली, पण तिच्या मागून येणाऱ्या मुली थांबलेल्या नाहीत. हरियाणाच्या अंशू मलिकने २०२१ च्या जागतिक स्पर्धेत रौप्य जिंकलं. अंतिम पंघालने २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षं वीस वर्षांखालच्या गटात जागतिक विजेतेपद मिळवलं. आणि महाराष्ट्रात, जिथे ‘महाराष्ट्र केसरी’ ही गदा कित्येक दशकं फक्त पुरुषांच्या खांद्यावर दिसायची, तिथे मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. जंतरमंतरवरची दोन धरणी आणि ही गदा, सगळं त्याच काही महिन्यांतलं.

रिओचं पदक आणण्यासाठी साक्षीला मॅटवरची सहा मिनिटं पुरली. ज्या खेळात मुलींना पाठवताना आई-बाबांना धास्ती वाटू नये, असा खेळ घडवायला मात्र बराच काळ लागणार आहे आणि तो फक्त पैलवानांनी घडवायचा नाही. तुमच्या गल्लीतली एखादी मुलगी उद्या पहाटे ट्रॅकसूट घालून तालमीकडे निघालेली दिसली, तर तिच्या लग्नाचा विषय काढू नका. तिची पुढची कुस्ती कधी आहे, ते विचारा. आणि जमलं तर बघायला जा.